बाराव्याला आलेले

कंग्राळीत माणूस गेलं की रडणारे नंतर बसतात, आधी पाण्याची चिंता करणारे उठतात. नळाला पाणी रोज येत नाही, आणि मातीला जाऊन आलेल्यांना आंघोळ तर पाहिजेच. युवराज गेला तेव्हाही भाऊबंदांनी तेच केलं. कुणी ट्रॅक्टरवरून टाकी आणली, कुणी स्वतःच्या परड्यातले बॅरल उचलून आणले, आणि मालुबाईच्या घरामागं निळ्या बॅरलांची रांग लागली. आमच्या माणसांची माया अशीच असते. हाताला सापडेल ते घेऊन धावायचं, आणि त्याचं पुढं काय होतं ते बघायला कुणीच थांबायचं नाही.

युवराज मालुबाईचा एकुलता एक मुलगा. उद्यमबागला फाउंड्रीत कामाला होता. ताप आला तेव्हा हवा बदलली असेल म्हणून घरातच पडवीत पडून राहिला, आणि बेळगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. डेंग्यू निघाला. नवरा कधीच गेलेला, त्यामुळे मालुबाईला आता उरली ती मुलगी, नीलम. ती निपाणीला दिलेली आणि त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर. बायका मालुबाईला जवळ घेऊन हेच सांगत होत्या की, आक्का, पहिलं बाळंतपण माहेरीच की, पोरगी घरात येईल, लेकरू घरात रडेल, तेवढं धरून राहा. मालुबाईनं ते धरलं. दुसरं धरायला तिच्याकडे काही नव्हतंच.

त्याच गावच्या वरच्या गल्लीतली ऋतिका बेळगावच्या आरोग्य कार्यालयात होती. डासांमुळे पसरणारे ताप कुठून निघाले, कुठे गेले, पुढे कुठे जातील हे शोधायचं आणि ताप पोचायच्या आधी तिथे माणसं पाठवायची, हे तिचं काम. हुशार पोरगी. प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेली, डासाच्या पंखावरून जात ओळखणारी. गावात मात्र तिला ‘डासांची मॅडम’ म्हणत आणि ती हसून घेई.

डेंग्यूनं माणूस दगावला की त्या घरासकट आजूबाजूची सगळी घरं तपासायची, पाणी ओतायचं, फवारणी करायची, असा नियम आहे. ऋतिका स्वतः आली. बरोबर गावची आशा कार्यकर्ती राजेश्वरी. दोघींनी गल्ली पिंजून काढली. कुणाचा हौद उपसला, कुणाच्या कुंड्या उलट्या केल्या, एका म्हाताऱ्याच्या टायरवरून भांडणही झालं. मग त्या मालुबाईच्या दारात आल्या. ओसरीवर गडी माणसं बसलेली. आत युवराजच्या जागी दिवा लावलेला आणि मालुबाई भिंतीला टेकून बसलेली.

राजेश्वरीनं हळूच विचारलं, “मॅडम, मागं जाऊन बॅरल बगूया का?”

ऋतिका उंबऱ्याबाहेरच थांबली. “सुतक हाय गं. आता कुटं त्यांचं पाणी ओतायला सांगायचं? बारावा होऊ दे, मग येऊ.”

राजेश्वरीनं मान हलवली. तिलाही तेच बरं वाटत होतं. परगावची कुणी अधिकारी असती तर सरळ आत शिरली असती, बॅरल लवंडले असते, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि निघून गेली असती. ऋतिका गावची होती. लहानपणी शाळा सुटली की मालुकाकीच्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्लेली. जिचं पोरगं कालपरवा जळलं तिच्या घरात बॅटरी घेऊन अळ्या शोधायच्या, हे तिला जमलं नाही. त्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणून तर राग येतो. वाईटपणानं केलेल्या गोष्टीचं निदान कुणाला तरी बोलता येतं.

सगळी गल्ली स्वच्छ झाली आणि मधलं ते एक घर राहिलं.

बाराव्याला पाव्हण्यांनी घर भरलं. जांबोटीहून मालुबाईचा भाऊ जोतिबा आला. दोन गाड्या बदलून, मधे पावसात चालत. पिरनवाडीची नणंद नागुबाई आली. निपाणीहून नीलम तर मातीपासूनच आलेली होती. दिवसभर सगळे पडवीत आणि परड्यात बसून होते. आमच्याकडे अशा घरी जाऊन लगेच उठत नाहीत, दिवसभर बसतात. जेवढं जास्त बसाल तेवढं दुःख वाटून घेतलं. ऋतिकाही होती. पदर खोचून पंगतीत वाढत होती, आणि जोतिबामामाला आग्रह करून आणखी भात वाढत होती.

बाराव्यानंतर बॅरल बघायला जायचं ते आज-उद्या करता राहूनच गेलं, आणि काही दिवसांनी ताप उठला. उठला तो असा विचित्र, की कार्यालयात साहेबांचं डोकं चालेना. एक पिरनवाडीत, दोन जांबोटीत, मग खानापूरकडच्या एका वाडीत. एरवी ताप रस्त्यानं जातो, बाजारानं जातो, या गल्लीतून त्या गल्लीत सरकतो. हा उड्या मारत होता. साहेब भिंतीवरच्या नकाशापुढं उभे राहून म्हणाले, “जांबोटीला एवढ्या पावसात, एवढ्या लांब, कोण नेतंय हे? बस म्हणावी तर वाटेतल्या गावात एक पेशंट नाही.”

ऋतिकालाही कळेना. शेवटी निपाणीची बातमी आली, तीही फिरून. निपाणीची माणसं मोठ्या दुखण्याला सीमेपलीकडचं कोल्हापूर जवळ करतात. तापाला सीमा नसते, कागदांना असते. तिकडचा रिपोर्ट तिकडच्या कार्यालयातून आमच्या कार्यालयात यायला वेळ लागला. ऋतिकानं तो उघडला. निपाणीची गरोदर बाई, डेंग्यू, कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखल. नाव नीलम.

मग तिला जांबोटीचा रुग्ण आठवला. जोतिबा. पिरनवाडीची नागुबाई. तिनं नकाशाकडे पुन्हा बघितलंच नाही. तिच्या डोळ्यापुढं पंगत होती आणि त्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं ते तिला पाठ होतं. घरात पडून असलेल्या युवराजला चावलेले डास आठवडाभरानं दुसऱ्याला ताप देण्याजोगे झाले असणार, आणि नेमकी तेव्हाच त्या घरात माणसांची गर्दी झाली होती. हे डास दिवसा चावतात. दिवसभर बसलेली माणसं त्यांना आयती मिळाली. बॅरल होतेच, पुढची पिढी वाढवायला.

साहेबांना तिनं सांगितलं. “त्या घरात तुमची टीम गेली होती ना?” त्यांनी विचारलं.

“न्हाय सर. सुतक होतं.”

साहेब कारवारकडचे. त्यांनी रागावायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांच्याही घरी सुतक पाळत असतील.

ऋतिका त्याच दिवशी कंग्राळीत गेली. या वेळी उंबऱ्यावर थांबली नाही. परड्यात जाऊन तिनं पहिल्या बॅरलमध्ये बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्यात तेच. मालुबाई मागं येऊन उभी राहिली.

“काय गं एवढं बगतीयास?”

ऋतिकानं सांगितलं. सोपं करून, हळूहळू, सगळं सांगितलं. आपण आत यायला पाहिजे होतं आणि आलो नाही, हेही सांगितलं. मालुबाई ऐकत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि विचारलं, “म्हंजे नीलमला माज्या घरात चावलं?”

“व्हय काकी.”

“आन् ती बरी हाय न्हवं?”

“बरी हाय. धोका टळला म्हणत्यात. बाळ पण बरं हाय.”

मालुबाईनं तोंडावरचा पदर काढला. रडली नाही. म्हणाली, “तुजी काय चूक न्हाय. सुतकात कोण येतंय?” तिनं असं म्हणायला नको होतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर ऋतिका रात्री झोपली असती.

आता बाराव्याला आणखी कोण कोण आलं होतं ते हवं होतं, म्हणजे त्यांच्या गावांत आधीच माणसं पाठवता आली असती. मालुबाईनं भराभर नावं सांगितली. माणूस गेलेल्या घरात कोण आलं, कोण नाही आलं, हे विसरलं जात नाही. सांगता सांगता तिच्या आवाजात थोडा अभिमान आला, की एवढ्या लांबून एवढी माणसं आली माझ्या युवराजसाठी. मग तिनं अडखळत विचारलं, “पर ह्ये माज्या घरातनं गेलं, असं कुणाला सांगणार न्हाईस न्हवं?”

“न्हाय काकी. तुमचं नाव कुटंबी येणार न्हाय.”

ऋतिकानं शब्द पाळला. कुठल्याच कागदावर मालुबाईचं नाव आलं नाही. पण गावोगावच्या आशांना तापकऱ्याला एक प्रश्न विचारावाच लागत होता, ‘कंग्राळीला बाराव्याला गेलता काय?’ हा प्रश्न ज्याला विचारला त्याला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. माणसं काय खुळी नाहीत. आठवड्यात सगळ्या गोतावळ्याला कळलं.

एक गोष्ट खरी, की त्या प्रश्नामुळेच ताप थांबला. ज्या ज्या गावात पाव्हणे परतले होते तिथे आधी माणसं पोचली, पाणी ओतलं गेलं, धूर झाला, आणि त्यापुढं एकही नवा रुग्ण निघाला नाही. साहेबांनी बैठकीत ऋतिकाचं कौतुक केलं. जोतिबा बरा झाला, नागुबाई बरी झाली. पण आता कंग्राळीला यायचं म्हटलं की कुणाची म्हैस व्यायला टेकलेली असे, कुणाच्या घरी पेरणी अडलेली असे. युवराजच्या नावानं घालायच्या महिन्याच्या घासाला मालुबाईनं मोठं पातेलं चढवलं आणि अर्धं गुरांना घातलं.

तिला त्याचंही एवढं वाटलं नाही. तिचं लक्ष निपाणीकडे होतं.

नीलम दवाखान्यातून घरी आल्यावर ऋतिकानं तिला फोन केला होता. काळजी कशी घ्यायची हे सगळ्या रुग्णांना सांगायचं असतं, ते तिनं हिलाही सांगितलं. पाणी भरपूर पी, दिवसाही मच्छरदाणीत झोप, अंगभर कपडे घाल. आणि शेवटी म्हणाली, “आता लई जपायचं, नीलम. डेंग्यूच्या चार जाती असत्यात. एकदा झाला तो झाला, पर दुसऱ्या जातीचा झाला तर पयल्यापेक्षा वंगाळ असतोय.” हे खरंच आहे, पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. खरं सांगताना समोरचा माणूस ते कुठे नेऊन ठेवील याचा अंदाज मात्र पुस्तकात नसतो.

सातवा लागायच्या आधी मालुबाई कामाला लागली. सगळे बॅरल तिनं ज्याचे त्याला परत केले. म्हशीला पाणी पाजायची दगडी दोण चार माणसांना गयावया करून परड्याबाहेर काढली. गटारीवर फरशा टाकून घेतल्या. युवराजची खोली चुन्यानं रंगवली, खिडक्यांना बारीक जाळी मारली, दोन मच्छरदाण्या आणल्या. दर शुक्रवारी ती स्वतः घरातलं सगळं पाणी ओतून भांडी घासून उन्हात पालथी घालायची. ऋतिका गावात आली की तिला हाताला धरून न्यायची, “बग, कुटं काय सापडतंय का बग.” ऋतिका बॅटरी मारायची. काही सापडायचं नाही. एवढं कोरडं घर तिनं सगळ्या नोकरीत बघितलं नव्हतं.

सातवा लागला. सरत आला. नीलमचं यायचं नाव निघेना. फोनवर आज करू, उद्या करू असं चाललेलं. एके दिवशी मालुबाई ऋतिकाच्या घरी आली.

“तू जरा निपाणीला जाऊन ये. काय अडलंय बग. तुजं ऐकत्यात सगळी, तू हापिसातली हायस.”

ऋतिका रविवारी गेली. नीलमचा नवरा ओमकार तंबाखूच्या वखारीत होता. घरात सासू जयाबाई आणि नीलम दोघीच. चांगलं पोट दिसत होतं, तोंडावर तेज होतं. जयाबाईंनी चहा केला, पोहे केले. ऋतिका मनात तयारी करून आली होती. विहीणबाई अडवत असणार, त्यांना समजवायचं, घर किती स्वच्छ आहे ते सांगायचं. तिनं सगळं सांगितलं, जाळीपासून मच्छरदाणीपर्यंत. जयाबाई ऐकून म्हणाल्या, “आमी कुणाला अडवत न्हाय, बाई. आमच्यात बी पयलं बाळंतपण म्हायेरीच असतंय.” आणि रिकाम्या बश्या घेऊन आत गेल्या.

ऋतिकानं नीलमकडे बघितलं. नीलम खाली बघत होती.

“मंग? ये की गं. काकी लई वाट बगतीया.”

“मी येत न्हाई, आक्का.”

“का?”

“तुमीच म्हटलासा न्हवं, दुसऱ्यांदा झाला तर वंगाळ म्हणून.” नीलमचा आवाज बारीक होता, पण डळमळत नव्हता. “दवाखान्यात पडलेली तवा रोज वाटायचं, बाळ हालतंय का न्हाय. डॉक्टर काय बोलायचं न्हाईत. मी पोटाव हात ठेवून निजायची. आता त्या घरात पाय ठेवायचा म्हटलं तर अंगाव काटा येतोय. युवराजला त्याच पडवीत चावलं, मला त्याच पडवीत चावलं.”

“आता तिथं काय न्हाय गं. मी स्वतः बगितलंय. डास कुटंबी असतोय, निपाणीत बी हाय की.”

“ठाव हाय. मला कळतंय सगळं. पर जीव तयार होत न्हाय.”

ऋतिकानं एवढी वर्षं गावोगाव फिरून लोकांना डासाची भीती घालायचं काम केलं होतं, आणि घातलेली भीती परत कशी काढून घ्यायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

निघताना नीलम दारापर्यंत आली. तिनं ऋतिकाचा हात धरला. “आईला असं सांगू नगासा. सासू धाडत न्हाय म्हणून सांगा. सासूचा राग आला तर आला, चालतंय. पर मीच न्हाय म्हटलं हे तिला कळलं तर ती मरंल, आक्का.”

ऋतिका निपाणीच्या स्टँडवर बसली तेव्हा तिला रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं का. ती नाही म्हणाली.

कंग्राळीत मालुबाई ओसरीवर बसून होती. बऱ्याच वेळापासून बसली असणार. ऋतिकाला बघून उठली नाही.

“काय म्हटली?”

ऋतिकानं वाटेत सगळं घोकलं होतं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, “नीलम लई तळमळतीया यायला. पर सासू न्हाय म्हणतीया. भीती वाटतीया म्हणतीया तिला. नीलमचं काय चालंना.”

“रडली काय पोर?”

“व्हय. लई रडली.”

मालुबाईनं मान डोलवली. लुगड्याची निरी सारखी केली. समोरच्या गल्लीतून कुणाची तरी गुरं परत येत होती.

“विहीणबाईंचा फोन आठवड्यामागंच आलता,” ती म्हणाली. “रडत होत्या बिचाऱ्या. म्हटल्या, मी धाडाय तयार हाय, तुमची पोरगीच न्हाय म्हणतीया, तुमीच समजवा. मी कुटल्या तोंडानं समजवू? म्हणून तुला धाडलं. म्हटलं, तुजं तरी ऐकंल.”

ऋतिकाला वर बघवेना. “काकी, मला तिनं...”

“ठाव हाय. तिनंच सांगाय लावलं असणार. माजीच पोर ती.” मालुबाईनं ऋतिकाच्या पाठीवर हात ठेवला. “आता एक कर. उद्या तिला फोन लाव. सांग, आईला खरं वाटलं. आईनं सासूला लई शिव्या घातल्या म्हणून सांग.”